शून्य अंड्यांची ऑर्डर

ब्रेबेस, शनिवार, १ जून २०२४

इरोह नोक,

सलाम, लेकी. दचकू नकोस, ही ऑर्डर खोटी आहे. गिऱ्हाइकाचं नाव इरोह, माल बदकाची खारवलेली अंडी, नग शून्य. त्याच्याखाली शेरा लिहायचा जो चौकोन असतो, त्यात मी हे लिहिते आहे. "गिऱ्हाईक काही विशेष म्हणालं तर इथे लिहायचं, माक," असं तूच मला शिकवलं होतंस. आजवर मी त्यात 'फुटकी चालणार नाहीत' याच्यापलीकडे काही लिहिलं नव्हतं.

तुझा पत्ता माझ्याजवळ नाही. तुला कामावर नेणाऱ्या तैवानच्या तैचुंगमधल्या एजन्सीला पाठवलेली दोन्ही पाकिटं परत आली. फोन नंबर तू बदललास. पण परवा दुकानाच्या या ऑनलाइन हिशेबाच्या खात्यात भलतंच काहीतरी दाबलं गेलं आणि ज्या पानावर आपल्या तिघांची नावं आहेत ते पान उघडलं. नावापुढे त्या माणसानं खातं शेवटचं कधी उघडलं ते लिहिलेलं असतं. तुझ्या वडिलांच्या नावापुढे ते दवाखान्यात गेले त्याच्या आदल्या दिवसाची तारीख आहे. तुझ्या नावापुढे गेला रविवार आहे.

मी उठून पाणी प्यायले. परत येऊन बघितलं. रविवारच.

म्हणजे सुट्टीच्या दिवशी तू घरी येऊन जातेस. कोणी किती अंडी नेली, मीठ किती आणलं, कोणाचं बिल निघालं, सगळं बघतेस आणि निघून जातेस. तर म्हटलं, येतेच आहेस तर वाचायलाही काही असू दे.

एका बोटानं टाइप करते, वेळ लागतो. तुझ्या चौथीच्या पुस्तकावर बोट ठेवून वाचायला शिकले, तेव्हाही एकच बोट होतं.

मी बरी आहे. नंबर जुनाच आहे.

माक


शनिवार, ६ जुलै २०२४

नोक,

जूनमधले सगळे रविवार तू आलीस. मी सोमवारी उठले की आधी तुझ्या नावापुढची तारीख बघते, मग चहा. दुकानात कामाला येणारी चार्किना म्हणते, "बू, सोमवारी तुम्ही हसता. सोमवारी कोण हसतं?" ती आता अंड्यांवर दुकानाचे शिक्के मारायला असते. तिचे शिक्के तिरपे येतात, पण अंडं खाणारा शिक्का कुठे खातो?

को बिंगसिनचा तेगलहून दर आठवड्याला फोन येतो. "बू वारसिती, भट्टीत भाजलेली अंडी कुठे गेली? माझी गिऱ्हाइकं मला अंडी मारतील, तीही तुमचीच." मी त्याला सांगितलं की सध्या भाजलेली बंद ठेवलीत, मागणी कमी आहे. उकडलेली चालू आहेत.

तू पहिल्यांदा हे खातं दुकानात आणलंस तो दिवस आठवतो का? तुझे वडील अंडी खारवायच्या लेपाच्या मातीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते. "सगळा हिशेब ढगात? आणि पाऊस पडला की?" असं म्हणाले होते. मग तू चिडलीस, आणि तू चिडलीस म्हणून ते राजी झाले. पासवर्ड मात्र त्यांनीच ठरवले. माणूस ज्या वारी आणि ज्या बाजारवारी जन्मला तेच त्याचं कुलूप. तुझं सेलासा वागे. मंगळवार, आणि पाच बाजारवारांतला वागे.

पुढे लग्नाच्या वेळी त्याच सेलासा वागेच्या आकड्याची, तुला हव्या असलेल्या त्या मुलाच्या वाराच्या आकड्याशी बेरीज केली आणि ती वाईट आली म्हणून तुझ्या वडिलांनी नकार दिला. तू सिंगापूरची, हाँगकाँगची, तैवानची, जिथली मिळतील तिथली नोकरीची कागदपत्रं भरलीस आणि गेलीस. ज्या वारानं तुझं लग्न मोडलं, त्याच वारानं तू आजही दुकान उघडतेस. मला हे अलीकडे फार जाणवतं.

तो मुलगा आता बस-थांब्याजवळ बर्फाचं सरबत विकतो. जाड झालाय. तुला सांगावं की नको, असा विचार करून सांगितलं.

माक


शनिवार, १७ ऑगस्ट २०२४

नोक,

बुधवारी तुझ्या वडिलांना जाऊन हजार दिवस झाले. अंगणात चटया घातल्या. सगळी गल्ली आली, को बिंगसिन तेगलहून संत्र्यांची पेटी घेऊन आला आणि दुआ चालू असताना मागे गप्प बसून राहिला. जेवण चार्किनानं आणि तिच्या जावेनं केलं. मी नुसती बसून होते, लोकांना वाटलं दुःखानं.

कुराणातल्या यासीन सूरेची पुस्तिका छापून घेतली. मुखपृष्ठावर त्यांचा तो कोट घातलेला फोटो आहे, तुझ्या शाळेच्या समारंभातला. खाली नाव आणि गेले तो गुरुवार, बाजारवारासकट: कामिस पोन, २०२१. हिरव्या कापडी बांधणीची आहे. प्रत्येकाला भाताच्या डब्याबरोबर एक दिली. तुझी एक काचेच्या कपाटात उभी करून ठेवली आहे.

तुझी मावशी म्हणाली, "मुलगी बापाच्या मातीलाही आली नाही." मी म्हटलं, "तेव्हा विमानं बंद होती. तू उडून जाऊन तिला घेऊन यायचं होतंस." सगळे हसले. ती डबा घेऊन लवकर गेली.

इरोह, तू काहीच लिहीत नाहीस. लिही असं म्हणत नाही. फक्त इथेच, या शून्य अंड्यांच्या ऑर्डरीत, एक टिंब टाकलंस तरी मला कळेल.

माक


मंगळवार, १० सप्टेंबर २०२४

नोक,

एक वाईट गोष्ट झाली आहे. नुकसान झालं नाही, हे आधी सांगते.

काल को बिंगसिनचा फोन आला. "बू, तुम्ही बँक बदललीत?"

"नाही."

"तुमच्या बिलावर दुसराच खाते नंबर आहे. इतकी वर्षं एका बँकेला चिकटलेली बाई अचानक बँक बदलते, म्हटलं दुसरं लग्न केलं की काय."

त्यानं पैसे भरले नव्हते. तो चेष्टा करतो पण नोटा तीनदा मोजणारा माणूस आहे, म्हणून वाचलो. कोणीतरी आपल्या खात्यात शिरून बिलावरचा नंबर बदलला होता.

आज सहकारी संस्थेच्या बू रेत्नानिंग आल्या. छोट्या धंद्यांची अशी खाती त्या सांभाळून देतात. चहा घेतला, साखर नको म्हणाल्या आणि चौकशी सुरू केली.

"पासवर्ड कुणाला सांगितलात?"

"कुणालाही नाही. अल्लाची शपथ."

"कुठे लिहून ठेवलात?"

"कुठेच नाही."

"मग लक्षात कसा राहतो?"

"विसरण्यासारखा नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग कपाटातल्या पुस्तिकेकडे. उठून ती बाहेर काढली, मुखपृष्ठ वाचलं, लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि टाइप केलं. खातं उघडलं.

"बू वारसिती," त्या म्हणाल्या, "तुम्ही कुणाला सांगितला नाहीत हे खरं आहे. तुम्ही छापून वाटलात. भाताच्या डब्याबरोबर."

चार्किनाला इतकं हसू आलं की तिला हातातला शिक्का खाली ठेवावा लागला. मलाही आलं, पण थोडं उशिरा. तुझे वडील गेल्यावर मी माझं कुलूप बदलून ते गेले तो वार ठेवला होता. वाटलं होतं, रोज सकाळी तो वार टाइप केला की त्यांची आठवण काढल्यासारखं होईल.

रेत्नानिंगबाईंनी माझा पासवर्ड बदलला. आता त्यात एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द आहेत. शिवाय आत जाताना माझ्या फोनवर एक आकडा येतो, तोही घालावा लागतो. "हा आकडा कुणी मागितला, अगदी मी मागितला, तरी द्यायचा नाही," म्हणाल्या. तुझ्या वडिलांचं नाव काढून टाकलं. मी बघत होते. एक बटण, आणि 'नक्की काढायचं का' असा प्रश्न. मी हो म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "हे इरोह कोण?"

"माझी मुलगी. तैवानला असते."

"तिचा पासवर्ड?"

मी सांगितला.

"जन्मवार ना? किती जणांना माहीत आहे?"

मी मनात मोजू लागले. मुलाच्या घरचे. बेरीज करणारे म्हातारबुवा. दोन्हीकडच्या मावश्या, आत्या. लग्नाची बोलणी म्हणजे अर्धं गाव.

"मग यांच्यातलं कुणीही तिच्या नावानं येत असेल," त्या म्हणाल्या. "रविवारी येते ती तुमची मुलगीच, हे कशावरून? हिशेबाच्या खात्यात येऊन नुसतं बघून जाणारे चोरही असतात. आधी महिनोन्महिने बघतात."

मी त्यांना म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा. एक रविवार जाऊ दे. तिला सांगते, मग बंद करू.

"आणि तोवर दार उघडं?"

"तोवर उघडं."

माक


गुरुवार, १२ सप्टेंबर २०२४

नोक. किंवा तू जी कोणी असशील ती. किंवा तो.

दोन दिवस मी वरची पत्रं परत परत वाचते आहे, चोराच्या डोळ्यांनी. मावशीचं बोलणं, सरबतवाल्याचं पोट, माझे सोमवार. तू चोर असशील, तर यातलं काही तुझ्या उपयोगाचं नव्हतं. पण तुला ते बघता आलं. माझ्या मुलीसाठी मांडून ठेवलेलं ताट कुणीतरी येऊन नुसतं उष्टं करून जावं, तसं वाटतं.

रेत्नानिंगबाईंनी आज फोनवर आणखी एक विचारलं. बरंच घुटमळत विचारलं. "मुलगी रागावून गेली आहे म्हणता. बिलावरचा नंबर तिनेच बदलला असेल तर?"

मी त्यांना म्हटलं, "ती बापाशी भांडली तेव्हाही तिनं आधी दिवसाची बिलं पुरी केली, मग बॅग भरली." त्यांनी लगेच माफी मागितली. चांगली बाई आहे. तिच्या कामात असं विचारावंच लागत असणार.

तर इरोह, तू असशील तर रविवारी हे वाच आणि फोन कर. सोमवारी तुझं नाव काढावं लागेल. मग तुला हे काही दिसणार नाही आणि माझ्याजवळ तुझा दुसरा पत्ता नाही. दुकान सांभाळायचं तर हे दार बंद करायला हवं, हे मला पटलं आहे. तरी माझा हात त्या बटणाकडे जात नाही.

माक


रविवार, १५ सप्टेंबर २०२४

नोक,

सोमवारपर्यंत थांबता आलं नाही. शुक्रवारी सकाळी पेमालांगच्या दुकानदाराच्या बिलावर पुन्हा तोच परका नंबर आला. माझं कुलूप तर बदललं होतं. मी नावांचं पान उघडलं. तुझ्या नावापुढे शुक्रवार लिहिलेला होता.

रविवार नाही. शुक्रवार.

म्हणजे तो चोर तुझ्या नावानं येत होता. रेत्नानिंगबाईंना फोन लावला आणि त्या पलीकडे असतानाच मी तुझं नाव काढलं. 'नक्की काढायचं का?' 'हो.' त्या म्हणाल्या, "बू, तुम्ही योग्य केलंत." मी म्हटलं, "मला माहीत आहे." आणि फोन ठेवला. दुकानदाराला कळवलं, बिल सुधारून पाठवलं. चार्किनानं न विचारता चहा आणून ठेवला.

मंगळवारी आणि गुरुवारी लिहिलेलं तुला पोचलंच नाही. तू होतीस की नव्हतीस, तेही आता कळायचं नाही. कदाचित सगळे रविवार त्याचेच असतील. मग मी एवढे महिने कुणाशी बोलत होते?

आणखी एक काम राहिलं आहे. रेत्नानिंगबाई म्हणतात, खात्याची मुख्य किल्ली दोन माणसांकडे हवी. एकाचा फोन हरवला, एक आजारी पडला, मेला, तर दुसऱ्यानं दार उघडावं. "दुसरं नाव कुणाचं घालू?" मी म्हटलं, थोडे दिवस ती जागा रिकामी ठेवा. "रिकामी जागा म्हणजे धोका," म्हणाल्या. मी म्हटलं, "तो मी ओळखते."

आज रविवार आहे. कोणी येऊ शकत नाही हे माहीत असून मी दुपारभर लॅपटॉप उघडा ठेवला आहे. अंडी लेपात आहेत, त्यांना काही घाई नाही. हे आता मी कुणाला लिहिते आहे, असं विचारशील तर सांगता येणार नाही. सवय.

माक


मंगळवार, १७ सप्टेंबर २०२४

इरोह नोक,

हे तू वाचशील तेव्हा आत आलेली असशील. म्हणून कालचं सगळं लिहून ठेवते. फोनवर मला धड बोलता आलं नाही आणि तुलाही नाही.

रविवारी संध्याकाळीच दुकानाच्या ईमेलवर एक पत्र आलं होतं. 'एका व्यक्तीनं तुमच्या खात्यात प्रवेश मागितला आहे.' मला अनोळखी पत्र उघडू नका म्हणून बजावलेलं, मी उघडलं नाही. रात्र तशीच गेली. काल सकाळी रेत्नानिंगबाई आल्या, त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाल्या, "हे खरोखर आपल्याच खात्याकडून आलंय. नाव काढलेल्या माणसानं दार उघडायचा प्रयत्न केला की त्याला एक चौकोन दिसतो. त्यात कारण लिहून विनंती करता येते." मग त्यांनी चष्मा काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे तुम्हीच वाचा."

मी मोठ्यानं वाचलं. मोठ्यानं वाचल्याशिवाय मला अजून नीट समजत नाही.

'माक, भाजलेली अंडी ईदनंतर शून्य आहेत. को बिंगसिनची मागणी तशीच पडून आहे, म्हणजे मागणी कमी नाही. भट्टीवर तुझ्याशिवाय कोणी बसत नाही. हाताला काय झालंय? आणि माझं नाव का गेलं? तू आहेस ना? खाली माझा नंबर आहे.'

चार्किना दारात उभी होती. ती म्हणाली, "हे चोर नाही विचारणार."

"नाही," रेत्नानिंगबाई म्हणाल्या, "पण नियम तो नियम. मंजूर करण्याआधी आवाज ऐकायचा. आणि आवाज ओळखीचा वाटला तरी असं काहीतरी विचारायचं, जे कुठल्याही कागदावर नाही." एवढं बोलून त्या अंडी बघायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेल्या. त्यांना अंड्यांतलं काही कळत नाही.

मी तू दिलेला नंबर लावला. तू 'माक' म्हणालीस तेव्हाच माझं काम झालं होतं. तरी विचारलं, कारण शब्द दिला होता. लहानपणी दुकानाचा शिक्का कुठे उमटवला होतास? आणि तू रडत रडत काय म्हणालीस, "बापाकच्या टकलावर. ते झोपले होते, तसेच जुम्म्याला गेले. पण माक, हे अख्ख्या मशिदीनं पाहिलंय. असले प्रश्न विचारतेस म्हणून चोर शिरतात. दुसरं विचार."

मग मी ते विचारलं. तू गेलीस त्या पहाटे तुझ्या बॅगेत मी काय ठेवलं होतं?

तिकडे तू नाक पुसलंस.

"एक अंडं," तू म्हणालीस. "कच्चं. लेपासकट, बापाकच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं. विमानतळावर त्यांनी काढून घेतलं, माक. मी तुला कळवलं नाही."

आणि मी इतकी वर्षं समजत होते की तू तिथे पोचून ते उकडून खाल्लंस.

रविवार तुझेच होते, हे तू सांगितलंस. तिथल्या स्टेशनच्या मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर बसून तू माझी पत्रं वाचायचीस. मी विचारलं, टिंब का नाही टाकलंस? तू म्हणालीस, "दार उघडंच होतं. दर वेळी न बोलता आत येऊन उभं राहणाऱ्याला, आज अचानक काय बोलायचं ते सुचत नाही. बंद झालेलं दिसलं तेव्हा वाटलं, तुला काही झालं. वाटलं, कोणीतरी तुझं सामान आवरतंय."

बापाकच्या नावाचं आपण काहीच बोललो नाही. बोलू. किंवा नाही बोललो तरी चालेल.

आता हाताचं. ईदनंतर भट्टीचं झाकण निसटलं आणि उजवा तळवा भाजला. जखम भरली, पण कातडी आखडली आहे, बोटं मिटत नाहीत. शिक्का धरता येत नाही, चिमटा धरता येत नाही. हे सगळं डाव्या हाताच्या एका बोटानं लिहिलेलं आहे. तुला सांगायचं नव्हतं. तू आकड्यांतून काढलंस, हा तुझ्या बापाचा गुण.

रेत्नानिंगबाई अंगणातून परत आल्या तेव्हा मी मंजूर केलं होतं. दुसऱ्या किल्लीच्या जागी तुझं नाव घातलं आहे. पासवर्ड तुझा तू ठरव, मलासुद्धा सांगू नकोस, आणि वार अजिबात घालू नकोस. तुझ्या फोनवर आकडा येईल तो कुणालाही द्यायचा नाही. मी मागितला तरी.

आत आलीस की आधी को बिंगसिनला उत्तर दे. त्याला लिही की वारसितीचा हात भाजला आहे, चार्किना भट्टी शिकते आहे, थोडं थांबावं लागेल. तुझ्या नावानं उत्तर गेलं की तो फोन करील आणि मला छळील. छळू दे.

शून्य अंड्यांची ही ऑर्डर बंद करत नाही. आणि यायला रविवारच हवा असं काही नाही.

माक